अंत नसलेली शिक्षा आणि अल्लाहचा न्याय: ऐरोलीहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न ऐरोलीच्या एका तरुणाचा आहे. वय सत्तावीस, महापेला आयटीत नोकरी, नमाज-रोजा सांभाळणारा. त्याने लिहिलंय ते थोडक्यात असं: "सर, आमच्या मजल्यावरच्या काकू मागच्या महिन्यात गेल्या. अम्मी चार महिने दवाखान्यात होती तेव्हा रोज सकाळचा डबा त्यांनी दिला. रमजानात माझ्या सहेरीसाठी पहाटे उठून भाकऱ्या थापल्या. कलमा त्यांनी पढला नव्हता. जुम्म्याच्या बयानात ऐकलं की असे सगळे कायमचे जहन्नममध्ये. सत्तर वर्षांच्या आयुष्याला कधीच न संपणारी शिक्षा, हा न्याय कसा? परवा काका म्हणाले, 'तुझ्या अल्लाहकडे हिच्यासाठी दोन शब्द बोल रे.' मी गप्प बसलो. हे विचारल्याने माझं ईमान जातं का?"

शेवटची भीती आधी मनातून काढून टाक. प्रश्न विचारल्याने ईमान जात नाही. इब्राहीम (अलै.) यांनी थेट अल्लाहलाच विचारलं होतं, मेलेल्यांना तू जिवंत कसं करतोस ते मला दाखव. अल्लाहने विचारलं, तुझा विश्वास नाही का? ते म्हणाले, आहे, पण काळजाला स्वस्थता हवी (कुराण २:२६०). त्यांना दाखवलं गेलं, कुणी झिडकारलं नाही.

मी राबोडीत वाढलो. घरचा मजहब, म्हणजे धर्माचे नियम समजून घेण्याची परंपरा, शाफई, आम्हा कोकणी मुसलमानांचा असतो तसा. शिकलो मात्र हनफी या दुसऱ्या मजहबाच्या मदरशात, दर्से निजामी या जुन्या अभ्यासक्रमात. गेली सव्वीस वर्षं ठाण्यात रविवारी मराठीतून अकीद्याचा, म्हणजे श्रद्धेच्या तत्त्वांचा, वर्ग घेतो. हाताशी किताब असते ती तफ्ताजानींची (मृत्यू १३९०) 'शरह अल-अकाइद', जी या देशातल्या मदरशांत पिढ्यानपिढ्या शिकवली जाते. मय्यतीला गुस्ल (अखेरचं स्नान) देणं, जनाजा पढवणं हेही करतो. तुझा प्रश्न मला वर्गात जितक्या वेळा भेटला, त्याहून जास्त वेळा कब्रस्तानात भेटलाय.

त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. अंत नसलेली शिक्षा मुळात न्यायाची असू शकते का, हा एक. ती कुणासाठी, आणि काकूंसाठी का, हा दुसरा. दुसरा आधी घेतो, कारण तुझी झोप त्यानेच उडवली आहे.

'काफिर' हा शब्द आपल्याकडे जनगणनेच्या रकान्यासारखा वापरतात. मुसलमान नाही, म्हणजे काफिर. शब्दाचं मूळ पाहा. अरबीत क-फ-र या धातूचा अर्थ झाकणं. कुराणाच्या सूरह (अध्याय) हदीदमध्ये (५७:२०) हाच 'कुफ्फार' शब्द शेतकऱ्यांसाठी आलाय, असं बहुतेक भाष्यकार सांगतात: पाऊस पडतो, पीक उगवतं आणि कुफ्फारांना, म्हणजे बी मातीआड करणाऱ्यांना, त्याची भुरळ पडते. मुरबाड-शहापूरकडे पहिल्या पावसानंतर भाताचं बियाणं पेरताना तू पाहिलं असशील. मूठभर बी फेकलं की लगेच त्यावर माती ओढतात. बी हातात आहे, दिसतंय, आणि माणूस ते स्वतःच्या हाताने झाकतोय. कुराण ज्या कुफ्रावर, म्हणजे काफिराच्या नाकारण्यावर, एवढी आग पाखडतं तो या जातीचा आहे: सत्य समोर आलं, मनाने ओळखलं आणि गर्वापोटी किंवा फायद्यापोटी गाडून टाकलं. फिरऔनच्या, म्हणजे मूसांना (अलै.) नाकारणाऱ्या मिसरच्या राजाच्या, लोकांबद्दल कुराण हेच म्हणतं, त्यांच्या मनांना खात्री पटली होती, तरी जुलमाने आणि अहंकाराने त्यांनी नाकारलं (२७:१४).

इमाम गजाली (१०५८–११११) यांनी 'फैसल अत-तफ्रिका' या छोट्याशा किताबीत नेमका तुझा प्रश्न घेतलाय. इस्लामबाहेरच्या लोकांचे त्यांनी तीन गट केले. ज्यांच्या कानावर प्रेषितांचं (स.) नावच गेलं नाही, ते माफ. ज्यांच्यापर्यंत नाव पोहोचलं, प्रेषितांचं चारित्र्य आणि निशाण्या पोहोचल्या, जे मुसलमानांच्या शेजारात राहून सगळं जाणून होते आणि तरी अडून बसले, ते पकडीत. तिसरे ते, ज्यांनी नाव ऐकलं पण लहानपणापासून खोट्या, विकृत रूपात ऐकलं. गजाली म्हणतात, हे पहिल्या गटासारखेच, कारण असलं ऐकून कुणाला शोध घ्यावासा वाटणार? आपल्या काळातल्या रूमच्या ख्रिस्ती लोकांपैकी आणि तुर्कांपैकी बहुतेक जण अल्लाहच्या दयेत येतील, असं त्यांनी लिहून ठेवलंय. रूम म्हणजे बायझंटाईन साम्राज्य. मुसलमानांचं ज्याच्याशी पिढ्यानपिढ्या वैर होतं, त्या लोकांबद्दलचं हे लिहिणं आहे.

आता तू म्हणशील, काकू तर मुसलमानांच्या शेजारातच राहत होत्या. खरंय. पण त्यांच्यापर्यंत काय पोहोचलं? टीव्हीवरच्या आरडाओरडीच्या चर्चा, सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारे व्हिडिओ, दंगलीच्या बातम्या. त्यांना समजेल अशा मराठीत कुणी कधी कुराण पुढ्यात ठेवलं? तू ठेवलंस? मी तुझ्यावर बोट ठेवत नाही, माझ्या मजल्यावरही हेच आहे. काय पोहोचलं, पोहोचल्यावर त्यांच्या मनात काय झालं, शेवटच्या श्वासाला त्या कुणाशी काय बोलल्या, हे तुला ठाऊक नाही, मला नाही, आणि त्या बयान देणाऱ्यालाही नाही. ज्याचं नाव वहीनेच, म्हणजे अल्लाहकडून आलेल्या संदेशानेच, घेतलंय, प्रेषितांचा वैरी अबू लहबसारखं, तो अपवाद. एरवी अमुक माणूस जहन्नमी, हे नाव घेऊन सांगण्याचा अधिकार कुणाला दिलेला नाही.

सगळे आलिम (धर्मपंडित) गजालींइतके मोकळे नाहीत, हे लपवणं बरोबर नाही. अकीद्याच्या दोन मोठ्या सुन्नी परंपरा आहेत, मातुरीदी आणि अशअरी. माझ्या हनफी उस्तादांच्या मातुरीदी परंपरेत अनेकांचं म्हणणं असं, की वही पोहोचली नाही तरी एक निर्माता आहे एवढं ओळखायला अक्कल पुरेशी आहे आणि तेवढ्यापुरती जबाबदारी प्रत्येकावर आहे. अशअरी म्हणतात, वहीच्या आधी जबाबदारीच नाही. त्यांचा आधार "आम्ही रसूल पाठवल्याशिवाय शिक्षा करत नाही" (१७:१५) हा. शिर्क, म्हणजे अल्लाहला भागीदार जोडणं, माफ होत नाही ही आयतसुद्धा (४:४८) या आयतीशी जोडून वाचायची असते. एकटी उचलली की ती लोकांवर फेकायचा दगड होते. मी या बाबतीत गजालींबरोबर आहे.

'कायमचं' या शब्दाकडे येताना मला माझी एक चूक सांगायची आहे.

तिशीत होतो. ठाण्यातल्या एका कब्रस्तानात एका मुलाची मय्यत आली होती, त्याने स्वतःचा जीव घेतला होता. दफन झालं, तीन मुठी माती टाकून लोक पांगले. बाप मागे थांबला. त्याने विचारलं, "मौलाना, याचं काय होईल?" मी ताजा शिकलेला होतो. मला हदीस, म्हणजे प्रेषितांचं (स.) नोंदवलेलं वचन, पाठ होती, बुखारी आणि मुस्लिम या प्रमाण संग्रहांमधली, की जो स्वतःला मारतो तो जहन्नममध्ये "खालिदन मुखल्लदन फीहा अबदा", तिथे कायमचा, सदासर्वदा. मी ती म्हटली, अर्थही सांगितला. बापाने मान हलवली, चपला घातल्या आणि निघून गेला. पुन्हा तो माणूस माझ्याकडे कधी आला नाही.

त्याच सहीह मुस्लिममध्ये दुसरी हदीस आहे, ती मी तेव्हा सांगायला हवी होती. प्रेषितांचे साथी तुफैल बिन अम्र यांच्याबरोबर हिजरत (धर्मासाठी देशत्याग) करून मदिनेला आलेला एक माणूस दुखण्याला कंटाळला, त्याने स्वतःच्या हातांना इजा करून घेतली आणि त्यात तो गेला. तुफैल यांना तो स्वप्नात दिसला, चांगल्या रूपात, फक्त हात झाकलेले. विचारलं तर म्हणाला, हिजरतीमुळे अल्लाहने मला माफ केलं, पण सांगितलं की तू स्वतः जे बिघडवलंस ते आम्ही दुरुस्त करणार नाही. तुफैल यांनी हे प्रेषितांना (स.) सांगितलं. प्रेषितांनी दुआ केली: "अल्लाह, त्याच्या हातांनाही माफ कर."

म्हणजे 'कायमचं, सदासर्वदा' असे शब्द आलेत आणि तरी अहले सुन्नतच्या, म्हणजे सुन्नी, आलिमांनी ईमान असलेल्या माणसाच्या बाबतीत ते अक्षरशः घेतले नाहीत. जाणूनबुजून मोमिनाचा (ईमानवाल्याचा) खून करणाऱ्याबद्दलही "खालिदन फीहा" आहे (४:९३), तरी त्याच्यावर तौबेचं दार बंद झालं असं बहुसंख्य आलिम म्हणत नाहीत. राघिब इस्फहानी यांच्या कुराणी शब्दकोशात एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. अरब लोक चुलीच्या दगडांना 'खवालिद' म्हणत. तांडा उठतो, तंबू गुंडाळले जातात, उंट निघून जातात, आणि तीन काळे दगड तिथेच राहतात. खूप काळ टिकणारं, जागचं न हलणारं, ते खालिद. आपल्याकडे रिकाम्या पडलेल्या वाडीत घर कोसळून जातं आणि चुलीचे दगड तेवढे उरतात, तसंच.

पण एवढ्यावर मी तुला मोकळं केलं तर ती फसवणूक होईल. 'खुलूद'चा, म्हणजे खालिद असण्याचा, अर्थ लांबवता-आखडता येतो. बाकीच्या आयतींचं काय? "ते आगीतून बाहेर पडणारे नाहीत" (२:१६७). "त्यांचा असा निकाल लागणार नाही की ते मरून सुटतील, आणि शिक्षाही हलकी होणार नाही" (३५:३६). हदीसमध्ये आहे की मृत्यूला मेंढ्याच्या रूपात आणून जिबह केलं (कापलं) जाईल आणि पुकारा होईल: जन्नतवाल्यांनो, आता मरण नाही, जहन्नमवाल्यांनो, आता मरण नाही. आपल्या कायद्यात जन्मठेप म्हणजे नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंतची कैद. ठाण्याच्या जेलच्या त्या जुन्या किल्ल्याच्या भिंतीजवळून जाताना मला दर वेळी हे आठवतं. माणसाच्या न्यायातली सगळ्यात लांब कैदसुद्धा मरणापाशी थांबते. इथे मरणच नाही. तेव्हा तुझा पहिला प्रश्न उभाच राहतो.

हा प्रश्न आजच्या शिकलेल्या पोरांनी काढला असं समजू नकोस. फखरुद्दीन राजी (मृत्यू १२१०) यांनी आपल्या तफसीरमध्ये (कुराणावरच्या भाष्यात) तो विरोधकाच्या तोंडून पूर्ण ताकदीने मांडलाय: या शिक्षेचा फायदा अल्लाहला नाही, कारण तो गरजेपलीकडचा आहे, भोगणाऱ्यालाही नाही, कारण त्याची सुटका नाही, मग ती कशासाठी?

पहिल्यांदा भांडण पेटलं बसऱ्यात. वासिल बिन अता (मृत्यू ७४८) तिथले थोर आलिम हसन बसरी यांच्या वर्तुळातून उठून बाजूला झाले ते मोठा गुन्हा करणाऱ्याचं काय, याच मुद्द्यावर. त्यांच्यापासून मुअतझिला पंथ सुरू झाला असं मानतात. हे लोक स्वतःला 'न्याय आणि तौहीदवाले' (तौहीद म्हणजे अल्लाहचं एकत्व) म्हणवत. न्याय काय हे अक्कल ओळखते, आणि अल्लाह न्यायाला बांधील आहे, असं त्यांचं म्हणणं. तुला वाटेल, हेच आपले. पण याच न्यायवाल्यांनी सांगितलं की तौबा न करता मेलेला मोठा गुन्हेगार, मुसलमान असला तरी, कायमचा आगीत; अल्लाहने धमकी दिलीय, ती पाळणं त्याला भागच आहे. त्यांच्यातल्या अम्र बिन उबैद यांना भाषेचे जाणकार अबू अम्र बिन अला यांनी उत्तर दिलं ते मी दर वर्षी वर्गात सांगतो. ते म्हणाले, तुला अरबी कळत नाही. वचन मोडणं अरबांना लाजिरवाणं वाटतं, पण धमकी मोडण्यात ते मोठेपणा मानतात. आणि त्यांनी जुन्या कवीचा शेर ऐकवला: मी धमकावलं तर माझी धमकी मोडतो, वचन दिलं तर ते पूर्ण करतो. आपल्याही घरात हेच आहे. "संध्याकाळी बघतोच तुला" म्हणणारा बाप संध्याकाळी खाऊ घेऊन आला तर त्याला खोटारडा कुणी म्हणत नाही.

मुअतझिलांच्या न्यायाच्या मोजपट्टीला सगळ्यात मोठा धक्का त्यांच्याच घरातून बसला. अशअरी परंपरा ज्यांच्या नावाने चालते ते अबुल हसन अशअरी आधी मुअतझिलाच होते; त्यांनी आपले मुअतझिला उस्ताद जुब्बाई यांना विचारलं असं सांगतात: तीन भाऊ. एक नेक होऊन मेला, एक काफिर होऊन, एक लहानपणीच गेला. लहानगा म्हणाला, मलाही मोठं होऊ दिलं असतं तर वरचा दर्जा कमावला असता. अल्लाह म्हणेल, मला माहीत होतं की तू मोठा होऊन बिघडशील, तुझ्या भल्यासाठीच लवकर उचललं. तेव्हा आगीतून मधला भाऊ ओरडला, मग मला का नाही लहानपणी उचललंस? जुब्बाई गप्प झाले. गोष्ट खरी घडली की नंतर रचली, यावर जाणकार वाद घालतात. प्रश्न मात्र खरा आहे.

अशअरींनी त्यातून काढलेलं उत्तर असं: अल्लाहवर काहीच बंधनकारक नाही. सगळं त्याच्या मालकीचं. तो जे करेल तो न्याय. शाफई बहुतेक अशअरी असतात, पण शाफई घरातला असूनही मला हे उत्तर अपुरं वाटतं. 'तो करेल तो न्याय' म्हटलं की 'तो न्यायी आहे' या वाक्यात काही उरतच नाही. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसे कुदसीत, म्हणजे प्रेषितांनी अल्लाहचे म्हणून सांगितलेल्या शब्दांत, अल्लाह म्हणतो, "माझ्या बंद्यांनो, मी जुलूम स्वतःवर हराम केलाय." जे घडूच शकत नाही ते कुणी स्वतःवर हराम करतं का? म्हणजे जुलमाला अर्थ आहे, आणि अल्लाहने तो स्वतः होऊन दूर ठेवलाय. मातुरीदी उस्तादांचा शब्द इथे मला जास्त पटतो: हिकमत, म्हणजे शहाणपण. प्रत्येक गोष्ट तिच्या जागी ठेवणं म्हणजे न्याय, भलत्या जागी ठेवणं म्हणजे जुलूम. अल्लाह कुणावर जर्राभरही जुलूम करत नाही (४:४०). चांगल्याचं दहापट देतो, वाईटाचं जेवढ्यास तेवढं (६:१६०).

जेवढ्यास तेवढं! मग अनंत कुठून आलं? यावर तीन उत्तरं नेहमी मिळतात. तिन्हींचं वजन सारखं नाही.

पहिलं, खून मिनिटात होतो, शिक्षा जन्माची असते. गुन्ह्याला लागलेला वेळ हे शिक्षेचं माप नव्हे. बरोबर. पण याने एवढंच सिद्ध होतं की घड्याळ लावून न्याय होत नाही. लांब शिक्षा आणि कधीच न संपणारी शिक्षा यांत जे अंतर आहे ते या उत्तराने भरत नाही.

दुसरं, अल्लाहचा मोठेपणा अनंत, म्हणून त्याचा अपमानही अनंत, म्हणून शिक्षा अनंत. बयानांत हे फार चालतं. मी हे शिकवणं सोडून दिलंय. ज्या हदीसे कुदसीचा वर उल्लेख केला त्याच हदीसमध्ये पुढे आहे: तुम्ही मला इजा पोहोचवू शकत नाही, तुम्ही सगळे, माणसं आणि जिन्न, सर्वांत दुष्ट माणसासारख्या काळजाचे झालात तरी माझ्या राज्यात काही कमी होणार नाही. ज्याचं काहीच कमी होत नाही त्याच्या दुखावलेपणावर शिक्षेची इमारत कशी उभारणार? शिवाय हे खरं मानलं तर जिभेने निसटलेलं एक खोटंही अनंत गुन्हा ठरेल, आणि "वाईटाचं जेवढ्यास तेवढं" ही आयत अर्थशून्य होईल.

तिसरं उत्तर कुराणातूनच येतं, आणि माझा भार त्यावर आहे. सूरह अनआममध्ये दृश्य आहे: आगीच्या काठावर उभे केलेले लोक म्हणतात, आम्हाला परत पाठवलं तर आम्ही आयती नाकारणार नाही. अल्लाह म्हणतो, परत पाठवलं तरी ज्याची मनाई होती तेच पुन्हा करतील (६:२७-२८). म्हणजे ज्याच्यासाठी ही शिक्षा आहे तो सत्तर वर्षांत चुकला आणि मग सुधारला, असा माणूस नाही. ज्याने बी इतकं खोल गाडलं की गाडणं हाच त्याचा स्वभाव झाला, असा तो आहे. आयुष्य सत्तरऐवजी सात हजार वर्षांचं असतं तरी त्याने तेच केलं असतं. गुन्हा संपलेला नसेल तर शिक्षा संपण्याचा प्रश्न येत नाही.

हे उत्तर धरलं की एक गोष्ट आपोआप ठरते. असा माणूस कोण, हे ठरवायला सात हजार वर्षांनंतरचं काळीज दिसावं लागतं. ते अल्लाहशिवाय कुणाला दिसत नाही. आणि ज्याच्या काळजात राईच्या दाण्याएवढंही ईमान आहे तो शेवटी बाहेर काढला जाईल, हे सहीह हदीसमध्ये आहेच. मुस्लिममधल्या शफाअतच्या (सुटकेसाठी केलेल्या रदबदलीच्या) लांब हदीसमध्ये तर फरिश्ते, नबी आणि मोमिन यांची शफाअत झाल्यावर अल्लाह म्हणतो, आता फक्त सर्वांत दयाळू उरलाय. आणि ज्यांनी कधी काहीच भलं केलं नव्हतं अशांची एक मूठ तो आगीतून काढतो. ती मूठ केवढी, ते अल्लाहलाच ठाऊक. वर्गात ही हदीस आली की मी किताब मिटून थोडा वेळ गप्प बसतो.

काही थोर माणसं यापुढे गेली. इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी आयुष्याच्या अखेरीस आग कधीतरी विझेल या बाजूचे पुरावे मांडले, आणि त्यांचे शागीर्द इब्न कय्यिम (१२९२–१३५०) यांनी 'हादी अल-अरवाह'मध्ये ते सविस्तर लिहिले. आज ज्यांना आपण सगळ्यात कडक समजतो त्या परंपरेचे हे दोन खांब. इब्न कय्यिम दाखवतात की सूरह हूदमध्ये आगवाल्यांबद्दल "तुझ्या रबची इच्छा असेल ते सोडून" म्हटल्यावर पुढे येतं, "तुझा रब हवं ते करणारा आहे" (११:१०७). जन्नतवाल्यांबद्दल तोच अपवाद येतो, पण पुढे शब्द आहेत "कधी न तुटणारी देणगी" (११:१०८). एकीकडे दार लोटून घेतलंय, दुसरीकडे कडी लावलीय. आणखी त्यांचं म्हणणं असं, की अल्लाहच्या नावांत गफूर (माफ करणारा) आहे, रहीम (दयाळू) आहे, पण 'शिक्षा करणारा' असं नाव नाही. "माझ्या बंद्यांना सांग, मी गफूर आणि रहीम आहे, आणि माझी शिक्षा दुःखद आहे" (१५:४९-५०). दया हा त्याचा गुण, शिक्षा हे त्याचं कृत्य. कृत्य संपू शकतं.

त्यांचे समकालीन तकीउद्दीन सुबकी (मृत्यू १३५५) यांनी याला स्वतंत्र किताब लिहून विरोध केला, आणि बहुसंख्य उम्मत, म्हणजे मुसलमान समाज, सुबकींच्या बाजूला राहिली. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या नावावर एक वाक्य सांगतात, की आगवाले आलिजच्या वाळवंटातल्या कणांइतकी वर्षं राहिले तरी त्यांना बाहेर पडायचा दिवस येईल. वाक्य सुंदर आहे, पण ते हसन बसरींमार्फत आलंय आणि त्यांनी ते उमर यांच्याकडून स्वतः ऐकलेलं नाही. सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, तुटलेली आहे. मला आवडतं म्हणून मी तिला जोडू शकत नाही.

मी बहुसंख्यांबरोबर आहे. आयती स्पष्ट आहेत, आणि मेंढ्याच्या हदीसला मला वळसा घालता येत नाही. पण "तुझा रब हवं ते करणारा आहे" हे वाक्य अल्लाहने तिथे ठेवलंय, त्यावर मी कुलूप लावणार नाही. इब्न कय्यिम यांचं मत धरणाऱ्याला माझ्या वर्गातून कधी उठवलेलं नाही.

आणखी एक बाजू तुझ्या वयाला लवकर दिसत नाही. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला अर्धवट बांधलेली बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. त्यानंतर वर्गात एका बाईंनी मला तुझ्या उलटा प्रश्न विचारला: "ज्यांनी यात पैसे खाल्ले त्यांना अल्लाह माफ तर करणार नाही ना?" त्यांना मी दयेच्या शंभर भागांची हदीस, की अल्लाहने त्यातला एकच जगात उतरवला आणि बाकीचे कयामतसाठी राखून ठेवले, सांगू शकलो नाही. त्यांना मी ती दुसरी सांगितली, की उम्मतीतला दिवाळखोर तो, जो नमाज-रोजा घेऊन येईल पण कुणाला मारलेलं, कुणाचं खाल्लेलं असेल. त्याच्या नेक्या त्या लोकांना वाटून टाकल्या जातील आणि त्यांची पापं याच्या अंगावर येतील. जिवंत गाडलेल्या मुलीला विचारलं जाईल, कोणत्या गुन्ह्यासाठी तुला मारलं (८१:८-९). ज्या जगात त्या मुलीला कुणी विचारलंच नाही, त्या जगाला जहन्नम लागते. त्या बाईंनीही अनंतकाळ मागितला नव्हता, हे खरं. पण जहन्नम काढून टाकून अल्लाह जास्त दयाळू होतो, असं ज्याला वाटतं त्याने आधी त्यांच्याशेजारी बसावं.

आता काकांचं. मगफिरतीची दुआ, म्हणजे 'हिला माफ कर' हे मागणं, ईमानाशिवाय गेलेल्यांसाठी करू नये असं कुराण ९:११३ वरून चारही मजहबांचे आलिम सांगतात. मी ते बदलणार नाही. आयतीत मात्र "ते जहन्नमवाले आहेत हे उघड झाल्यावर" अशी अट आहे, आणि काकूंबद्दल तुला काही उघड झालेलं नाही. म्हणून निकाल देऊ नकोस, सोपवून दे. सोपवायचे शब्द कुराणातच आहेत. ईसा (अलै.) कयामतच्या दिवशी आपल्या चुकलेल्या लोकांबद्दल म्हणतील: "तू त्यांना शिक्षा दिलीस तर ते तुझेच बंदे आहेत, माफ केलंस तर तूच जबरदस्त, हिकमतवाला आहेस" (५:११८). प्रेषितांचे साथी अबू जर (रजि.) सांगतात, प्रेषित (स.) एका रात्री नमाजला उभे राहिले आणि पहाट होईपर्यंत ही एकच आयत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

आणि एकदा एका यहुद्याचा जनाजा जात होता, प्रेषित (स.) उठून उभे राहिले. कुणी म्हणालं, हा तर यहुदी. ते म्हणाले, "तो जीव नाही का?"

काकांकडे जा. सांग, "तिचा हिशेब अशा एकाकडे आहे जो जर्राभरही जुलूम करत नाही, आणि तिने थापलेल्या भाकऱ्या त्याने पाहिल्यात." त्यांच्यासाठी सबर माग, तब्येत माग, ते मोठ्याने त्यांच्यासमोर माग. ईसांची आयत पाठ नसेल तर रविवारी ये, अर्थासकट बसून पाठ करून घेऊ. काकांकडे जायला मात्र रविवारपर्यंत थांबू नकोस.